दोनशे पावलांचा आळ

मार्चमधल्या मोठ्या भूकंपानंतर तीन आठवड्यांत टोकियोतल्या आमच्या ओजिमाच्या इमारतीतली बाकीची चारही भारतीय कुटुंबं परत निघून गेली. निशी-कसाईतल्या किराणा दुकानाचा मालक मला पाहून "तुम्ही अजून इथंच?" असं विचारायला लागला. पुण्याहून सासूबाई, नाशिकहून आई आणि लग्नानंतर एकदाही चौकशी न केलेले दोन मामा रोज फोन करत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, मिळेल ते विमान पकडा आणि या. मी नाही म्हणाले. त्यात शौर्य काही नव्हतं. कुणी मला घाबरवून हलवायला आलं की माझे पाय जागच्या जागी रुततात. हा माझा जुना दोष आहे आणि तो मी नवऱ्याला लग्नाआधीच सांगितला होता. तो म्हणाला, "माझं ऑफिस चालू आहे आणि तू हट्टाला पेटली आहेस. म्हणजे आपण इथंच राहणार." मग तो चहा करायला उठला.

मी मूळची मोजणीवाली. लग्नाआधी सहा वर्षं जुन्नरच्या बाजूला सरकारी मोजणीच्या नोकरीत होते. बांधावरून भांडणारे भाऊ, नकाशा न बघताच त्यावर हात आपटणारे पुढारी, "बाईला काय कळतंय यातलं" म्हणणारे काका, या सगळ्यांना पुरून उरून मी हद्दीचे दगड रोवून घेतले होते. एका गोष्टीची मात्र मला अजून लाज वाटते. एका शाळेच्या कुंपणाची मोजणी जुन्या नकाशाशी जुळेना, तेव्हा साहेब म्हणाले, "मेळ बसवून टाका." मी बसवला. एक आकडा बदलला आणि सगळं कसं सुरळीत झालं. शेजारच्या म्हातारीची पेरूची दोन झाडं शाळेच्या कुंपणात गेली. तिने मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. पुढे लग्न झालं, जपानला आले, नोकरी सुटली. ती झाडं कधीमधी आठवतात आणि आठवली की जेवण जात नाही.

त्या मार्चनंतर धक्के थांबत नव्हते आणि मला आमची इमारत कललेली दिसायला लागली. नवरा म्हणाला, "इमारत सरळ आहे, तुझी मान कललीय." मी वाद घालत बसले नाही. बॅगेचं छोटं कुलूप लांब दोऱ्याला बांधलं आणि नवव्या मजल्यावरून जिन्याच्या मधल्या पोकळीत खाली सोडलं. झाला ओळंबा तयार. वाऱ्याने हलू नये म्हणून कुलूप खाली पाण्याच्या बादलीत बुडवलं. मग वर जाऊन दोऱ्याचं भिंतीपासूनचं अंतर मोजायचं, खाली येऊन पुन्हा मोजायचं, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर मी हे करत असे. शेजारच्या जपानी बायका आधी दबकून बघायच्या, नंतर बादलीला वळसा घालून जायला लागल्या.

उन्हाळ्यात एका दुपारी मी खाली उतरले तर बादलीपाशी एक म्हातारी बाई उभी होती. आठवड्यापूर्वीच ती आमच्या मजल्यावरच्या टोकाच्या घरात राहायला आली होती. ईशान्येच्या किनाऱ्यावर ज्यांची घरं समुद्राने नेली, अशा काही लोकांना आमच्या वसाहतीतली रिकामी घरं दिली होती, त्यांपैकी ती एक. तिने वाकून बादलीत पाहिलं आणि उत्तरेकडच्या जाड बोलीत, जी मला निम्मीच कळायची, म्हणाली, "पाणी नको. तेल घाला. लवकर स्थिर होतो."

माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट मला एकाच माणसाने सांगितली होती आणि तो निवृत्तीला टेकलेला मोजणीदार होता. मी तिला विचारलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? ती म्हणाली, आजोबांकडून. आणि मला चहाला घेऊन गेली.

तोंडावर मी त्यांना आडनाव आणि पुढे सान अशी हाक मारायचे, घरात मात्र आम्ही त्यांना आजी म्हणायला लागलो. आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. लाट येणार म्हणून भोंगा वाजला तेव्हा त्या दाराशी टांगलेली संकटाची पिशवी घेऊन टेकडीवर पळाल्या होत्या. जपानमध्ये घरोघरी अशी पिशवी असते. आजींच्या पिशवीत औषधं, बँकेचं पुस्तक, सहीऐवजी मारायचा शिक्का आणि मेणकापडात गुंडाळलेली एक जुनी वही होती. घर, दुकान, नवऱ्याची कबर, सगळं गेलं. वही राहिली.

ती त्यांच्या आजोबांची मोजणीची वही होती. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जपान आणि रशियाचं युद्ध झालं आणि तहात उत्तरेकडच्या काराफुतो, म्हणजे आजच्या रशियातल्या साखालिन, बेटाचे दोन तुकडे ठरले. वरचा रशियाचा, खालचा जपानचा, मधली हद्द पन्नासाव्या अक्षांशावर. कागदावर ही रेघ मारायला क्षण पुरला असेल. जमिनीवर ती मारायला दोन्ही देशांच्या तुकड्या डास, दलदल आणि माणसाचा पाय न लागलेलं जंगल तुडवत गेल्या. झाडं तोडून बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मोकळा पट्टा काढायचा आणि त्यावर दगड रोवायचे. दगडाच्या एका अंगाला जपानचं शेवंतीचं फूल, दुसऱ्या अंगाला रशियाचा दोन डोक्यांचा गरुड. मुख्य दगडांची जागा तारे पाहून ठरवायची होती. एका तुकडीच्या प्रमुखाचा पाय मोडला, म्हणून एका दगडापुरतं ते काम आजींच्या आजोबांकडे आलं. ते तेव्हा पंचविशीचे होते आणि तुकडीत सगळ्यांत धाकटे होते.

त्यांनी तारे पाहिले, हिशेब केला आणि जागा ठरवली. आधीच्या दगडापासून झाडं तोडत आलेला पट्टा त्यांच्या दगडाला यायला हवा होता. तो आला नाही. दोनशे पावलं उत्तरेकडून निघून गेला. पुढच्याच बोटीने आजोबांना घरी पाठवलं गेलं. गावात पोरंसोरंसुद्धा त्यांना वाकडी रेघ म्हणायची. त्यांनी पुन्हा कधी मोजणी केली नाही, मासे वाळवण्याचं दुकान काढलं. घरात हा विषय काढायचा नाही असा नियम होता. आजींच्या वडिलांनी मरताना वही त्यांच्या हातात दिली आणि फक्त एवढंच सांगितलं, टाकू नकोस.

आता हे सगळं वर येण्याचं कारण म्हणजे एक बातमी. टोकियोच्या उत्तरेकडच्या एका लहानशा संग्रहालयात त्या सीमामोहिमेचं प्रदर्शन भरणार होतं. बातमीत त्या वाकड्या जागेचाही उल्लेख होता, एका कनिष्ठ सहायकाच्या निष्काळजीपणामुळे आलेला बाक, असा. आजींनी ते कात्रण माझ्यापुढे सरकवलं.

"ओकुसान, तुम्ही मोजणीच्या आहात," त्या म्हणाल्या. ओकुसान म्हणजे आपल्याकडचं वहिनी. "त्यांची चूक होती का, ते मला सांगा. गोड करून सांगू नका."

मी वही घरी आणली. जुनी लिपी मला वाचता येत नव्हती, पण आकडे ते आकडेच. तारखा, ताऱ्यांची उंची, घड्याळाच्या वेळा, सगळं बारीक अक्षरात, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांचा लाल शिक्का. आठवडाभर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून हलले नाही. नवरा जेवण कपाटावर ठेवून जेवायला लागला. इंटरनेटवर एका रशियन भटक्याने त्या दगडाच्या उरलेल्या चौथऱ्यावर उभं राहून घेतलेला जीपीएसचा आकडा टाकला होता. मी आजोबांचा अक्षांश घेतला, जीपीएसचा घेतला, वजाबाकी केली. चौथरा पन्नासाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला होता. जवळजवळ दोनशे पावलं.

मी उत्साहात होते, हे कबूल करते. इतक्या वर्षांनी हातात काम आलं होतं, गणित जुळलं होतं, आणि गोड करून सांगू नका असं त्यांनीच म्हटलं होतं. मी गेले आणि सांगून टाकलं. हो, चूक होती. दगड दोनशे पावलं खाली बसला.

आजींनी मान हलवली. माझे आभार मानले. दुसऱ्या दिवशी दारात नाशपातीची पेटी आणून ठेवली, वर कागदी पट्टी आणि माझं नाव. ती फळं आम्ही खाल्ली, चांगली गोड होती.

पंधरा दिवसांनी टोकियोतच फुनाबोरीला एका ओळखीच्या घरी जेवायला गेलो. यजमान पुण्याचा पोरगेला पोस्टडॉक, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणावर काम करणारा. त्याची बायको भाकऱ्या थापत होती आणि मी पिठल्याची वाट बघत आजोबांची गोष्ट रंगवून सांगत होते. माझी वजाबाकी आली तेव्हा तो मधेच थांबवून म्हणाला, "ताई, एक मिनिट. आजोबांनी लॅटिट्यूड कशावरून काढलं?"

मी म्हटलं, ताऱ्यांवरून.

"म्हणजे ओळंब्यावरून. डोक्यावर काय आणि पायाखाली काय हे त्यांना ओळंब्यानेच सांगितलं ना? आणि तुम्ही ते वजा केलंत जीपीएसमधून. अहो, दोघांचं 'खाली' वेगळं असतं. तुम्ही डायरेक्ट वजा केलंत?"

माझे कान तापले. जीपीएस एक गुळगुळीत, कल्पनेतली पृथ्वी धरून चालतं. ओळंबा खऱ्या पृथ्वीचं ऐकतो. जवळ डोंगर असला की तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढून घेतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका किंचित, पण तेवढ्याने ताऱ्यांचा हिशेब शेकडो पावलं सरकतो. हिमालयाच्या पायथ्याशी मोजणी करणाऱ्यांना हे फार पूर्वी नडलं होतं आणि आमच्या प्रशिक्षणात त्यावर अख्खा तास झाला होता. त्या तासाला मी पहिल्या बाकावर होते.

पिठलं गार झालं. त्याने लॅपटॉप उघडला आणि त्या बेटाची गुरुत्वाकर्षणाची माहिती काढली. आजोबांच्या दगडाच्या दक्षिणेला डोंगराची एक जाड सोंड होती. हिशेब पुरा व्हायला अर्धा तास लागला. डोंगराने ओळंबा जितका ओढला असता, दगड तितकाच दक्षिणेला होता. मागचा दगड सपाट खोऱ्यात होता, त्याला कुणी ओढलं नव्हतं. तिथून सरळ आणलेला पट्टा आजोबांच्या दगडाला चुकणारच होता. त्या जागी कुणीही तारे पाहिले असते तरी तेच झालं असतं.

"त्यांचं ऑब्झर्वेशन एकदम क्लीन आहे," पोस्टडॉक म्हणाला. "त्या काळात, त्या जंगलात. मला नसतं जमलं."

घरी येताना मी ती वजाबाकी मनात पुन्हा पुन्हा करत होते. शंभर वर्षं ज्या माणसाच्या माथी हे खापर होतं, त्याच्यावर मी शेवटचं सरकारी शिक्कामोर्तब करून आले होते. तेही मोजणीवाली म्हणून, अगदी छातीठोकपणे. आणि वर नाशपाती खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींकडे जाण्याआधी मी अजून माझ्याकडेच असलेली वही पुन्हा उघडली आणि या वेळी शेवटची पानं नीट पाहिली. पट्टा चुकल्यानंतरची तीन पानं. तीन वेगळ्या रात्री, तेच तारे, आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच. प्रत्येक पानाखाली एकदोन शब्द लिहिलेले आणि कोपऱ्यात शिक्का. चौथ्या पानावर कसलंही निरीक्षण नव्हतं, फक्त एक आकडा. अक्षर दुसऱ्याचं, पेन्सिलीऐवजी शाई. मी तो आकडा आजोबांच्या आकड्यातून वजा केला. बरोबर दोनशे पावलं. कुणीतरी मेळ बसवून दिला होता, फक्त आजोबांचा शिक्का तेवढा हवा होता. त्या पानाचा कोपरा कोरा होता.

मला त्या शाईकडे बघवेना. ते अक्षर माझ्यासारख्याच कुणाचं तरी होतं.

आजींच्या घरी मी खाली बसून कपाळ चटईला टेकवलं आणि माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. मी चुकले. ते चुकले नव्हते. त्यांना खोटा आकडा दिला होता आणि त्यांनी त्यावर शिक्का मारला नाही. मग मी त्यांना ती तीन पानं दाखवून विचारलं, हे खाली काय लिहिलंय?

आजींनी चष्मा लावला. "तेच," त्या म्हणाल्या. "पुन्हा तेच. आजही तेच."

त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी सांगितल्यावर मी आजोबांना खूप बोलले. उदबत्ती लावली आणि बोलले. सगळ्या घराची मान तुम्ही खाली घातलीत म्हणाले." मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मला वाटलं, झालं, खरं काय ते त्यांना कळलं, आता त्या निवांत होतील. आजी उठल्या, कपाटातून बाहेर जायचा कोट काढला आणि विचारलं, "ते प्रदर्शन कुठल्या स्टेशनजवळ आहे?"

प्रदर्शन सुरू होऊन आठवडा झाला होता. एका मोठ्या खोलीत दुर्बिणी, नकाशे, एका दगडाची प्लास्टरची प्रतिकृती, आणि कोपऱ्यात तो फलक: एका कनिष्ठ सहायकाच्या निष्काळजी निरीक्षणामुळे या ठिकाणी सीमारेषेत दोनशे पावलांचा बाक आला. संग्रहालयाचे प्रमुख हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते, सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. सडसडीत, मृदू आवाजाचे. वही त्यांनी दोन्ही हातांत घेतली. या भागाची मूळ वही हरवली असंच सगळे धरून चालले होते. त्यांनी पानं उलटली आणि लगेच विचारलं, ही आम्हाला प्रदर्शनात ठेवायला द्याल का?

आजी म्हणाल्या, देईन. शेवटची चार पानं उघडी ठेवा आणि तो फलक बदला.

सेन्सेईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी आणलेले हिशेबाचे कागद वाचले. मग म्हणाले, मजकूर समितीने मंजूर केलेला आहे, छापील पुस्तिकाही तशीच आहे. शिवाय कारण काही असलं तरी दगड पन्नासाव्या अक्षांशावर नाही हे तर खरंच ना? मग त्याला चूक नाही तर काय म्हणायचं?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सेन्सेई," मी म्हटलं, "जपानचे सगळे नकाशे टोकियोतल्या ज्या मूळ बिंदूपासून मोजतात तो मार्चमध्ये वीतभर पूर्वेला सरकला. तो बसवणाऱ्या माणसाच्या नावाने तुम्ही फलक लावलात का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ते जरा कठीण आहे."

जपानमध्ये जरा कठीण आहे याचा अर्थ नाही असा होतो. हे समजायला मला दोन वर्षं लागली होती. आजींना जन्मापासून ठाऊक होतं. आम्ही दोघींनीही ते न समजल्याचं सोंग केलं. आजी म्हणाल्या, कठीण असेल तर वेळ लागेल, आम्ही थांबतो. त्यांनी वही मेणकापडात गुंडाळली, फलकाशेजारच्या बाकावर बसल्या आणि संध्याकाळी दारं बंद होईपर्यंत उठल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आजी वही मांडीवर घेऊन ताठ बसायच्या. कुणी फलकापाशी थांबलं की विचारायच्या, वाचून झालं का? आणि वही उघडून "तेच, पुन्हा तेच, आजही तेच" वाचून दाखवायच्या. मग ओळंब्याचं मी सांगायचे. माझं जपानी ऐकून लोक आधी गोंधळायचे, पण आजी मान हलवतायत म्हटल्यावर नीट ऐकायचे. पहारेकरी दोनदा जवळ आला. तिकीट काढून बाकावर बसलेल्या, समुद्राने घर नेलेल्या म्हातारीला उठवायचा नियम त्याच्याकडे नव्हता. नवऱ्याने आधी "सत्याग्रहाला डबा बांधून देऊ का?" म्हणून चेष्टा केली, आणि तिसऱ्या शनिवारी तो खरंच थर्मास आणि थालीपीठं घेऊन आला. आत खायला बंदी होती, म्हणून आम्ही पाळीपाळीने पायऱ्यांवर जाऊन खाल्लं. आजींना थालीपीठ तिखट लागलं, तरी त्यांनी दुसरं मागून घेतलं.

सासूबाईंना हे फोनवर कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, परक्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या भानगडीत तू कशाला पडतेस? मी सांगितलं, भानगड परक्यांची आहे, पण चुकीचा निकाल मी दिला होता. आणि खरं सांगायचं तर मला मजाही येत होती. मोजणीच्या नोकरीत मी साहेबांसमोर मूग गिळून बसले होते, इथं मला गप्प बसवू शकेल असं कुणी नव्हतं.

सहावा शनिवार प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी आजींना ताप होता. मी म्हटलं, आज राहू द्या. त्या लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दुपारनंतर गर्दी वाढली. फलकापाशी वीसेक माणसं जमली, त्यात वर्तमानपत्रातली एक बाई होती, जी आमचं सगळं लिहून घेत होती. शेवटचा अर्धा तास राहिला तेव्हा सेन्सेई आले. त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

ते म्हणाले, "फलक मी आत्ता काढून टाकतो. तिथं काहीच नसेल. त्यांच्यावर ठपका राहणार नाही."

मला वाटलं, चला, एवढं तरी मिळालं. मी आजींकडे पाहिलं.

"काढू नका," आजी म्हणाल्या.

सेन्सेईंना ते ऐकू आलं नसावं असं वाटलं. आजी उठल्या. पर्समधून पेन काढलं, फलकापाशी गेल्या आणि कुणाला काही कळायच्या आत 'एका कनिष्ठ सहायकाच्या निष्काळजी निरीक्षणामुळे' या शब्दांवरून दोन सरळ रेघा ओढल्या. पहारेकरी धावला, सेन्सेईंनीच त्याला हाताने थांबवलं. रेघांच्या वर आजींनी बारीक अक्षरात लिहिलं: निरीक्षण बरोबर. ओळंबा डोंगराने ओढला.

बँकेत किंवा वॉर्डाच्या कचेरीत कागदावर चूक झाली तर इथं ती पुसत नाहीत. दोन रेघा मारायच्या, वर बरोबर ते लिहायचं, आणि ज्याचा कागद आहे त्याने शेजारी आपला शिक्का मारायचा. तेव्हाच ती दुरुस्ती धरतात. हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तिथं जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

"शंभर वर्षं काही लिहिलं नसतं तर मी काढा म्हटलं असतं," आजी म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय. तुमचा कागद आहे. शिक्का तुमचा लागतो."

सेन्सेई म्हणाले, समितीला विचारावं लागेल. आजी म्हणाल्या, विचारा. आणि तापाने लाल झालेल्या चेहऱ्याने त्या फलकाशेजारी उभ्या राहिल्या. मी बाक पुढे ओढला तर त्यांनी तो पायाने मागे सारला. कुणी जाईना. वर्तमानपत्रातल्या बाईने लिहिणं थांबवलं. बंद होण्याची सूचना स्पीकरवर दोनदा वाजली आणि पहारेकऱ्याने दिवे मालवले नाहीत.

सेन्सेई आत गेले नाहीत. कुणाला फोनही केला नाही. ते वहीपाशी आले आणि आजींकडे परवानगी मागून शेवटचं पान उघडलं, ज्याचा कोपरा कोरा होता. ते त्या कोपऱ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता पुन्हा कठीण आहे म्हणणार. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लाकडी डबी काढली, शिक्क्याला लाल शाई लावली, आणि आजींच्या अक्षराशेजारी तो घट्ट दाबून धरला.

नंतर ते आजींसमोर येऊन उभे राहिले आणि वाकले. तोंडदेखलं नव्हे, कमरेतून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. पांढरं डोकं आमच्या समोर खाली गेलं आणि तसंच राहिलं. इथं समोरचा वाकला की आपणही वाकायचं असतं. दुकानातली मुलगी वाकते, फोनवर बोलणारा माणूसही वाकतो, चार वर्षांत माझी पाठ आपोआप वाकायला शिकली होती. मी वाकायला निघाले, तोच आजींनी माझा दंड पकडला. त्यांचा हात तापाने भाजत होता. त्या स्वतः वाकल्या नाहीत आणि त्यांनी मलाही वाकू दिलं नाही.